मुंगीचा आवाज

खट्.

रेकॉर्ड प्लेअरच्या झाकणाची कडी निघाल्याचा तो आवाज कस्तुराने स्वयंपाकघरातूनच ओळखला. हातातलं पातेलं तिने हळूच ओट्यावर टेकवलं. पाऊण तास थोपटल्यावर बाळ आत्ता कुठे झोपलं होतं. पाळण्याची दोरी अजून थांबलीही नव्हती. नळ गेलेला, कॉलनीतल्या बायका घटकाभर आडव्या झालेल्या, सगळीकडे कसं निवांत होतं.

“अहो, आत्ताच डोळा लागलाय त्याचा.”

बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं नाही. ती दारात आली. ज्योतीराम फर्स्ट शिफ्टहून येऊन, बूट तेवढे काढून, कंपनीच्या खाकी पँटवरच जमिनीवर बसला होता. शेजारी चहा निवत होता. मांडीवरच्या काळ्या रेकॉर्डची धूळ तो बाहीने टिपत होता आणि चार वर्षांची सुजाता त्याच्यासमोर मांडी घालून, विहारात बसावं तशी शहाण्यासारखी बसली होती.

“अहो. बाळ झोपलंय.”

तो धूळ टिपत राहिला.

“अहो!”

तेव्हा कुठे त्याने मान वर केली. “अं? एकच बाजू. दुसरी.”

आणि सुई टेकली.

आधी ढोल. मग पत्र्यावरून लोखंडी खाट ओढत न्यावी तशी गिटार. मग विहिरीच्या तळातून कुणी हाका मारतंय असा एक जपानी माणूस. दुसऱ्या मिनिटाला बाळ किंचाळलं आणि तिसऱ्याला शेजारच्या खातूनबीने भिंतीवर लाटणं आपटलं. कस्तुराने बाळाला खांद्यावर टाकलं आणि ती मागच्या दारात जाऊन उभी राहिली. खातूनबीही आपल्या दारात आली होती.

“काय गं बेटी, पिठाची गिरणी घेतली का घरात?”

“गिरणी बरी, चाची. पीठ तरी पडतं.”

तीन वर्षांपूर्वी कंपनीने ज्योतीरामला सहा महिने ट्रेनिंगला जपानला पाठवलं होतं. बरोबरची माणसं येताना घड्याळं, छत्र्या, नायलॉनच्या साड्या घेऊन आली. ज्योतीरामने सात रेकॉर्ड आणल्या. एकीच्या कव्हरवर लाल धुरात उलटा टांगलेला माणूस, दुसरीवर नुसता अंड्याचा फोटो. तिथे त्याच्याबरोबर गिअरबॉक्सच्या टेस्टिंगला ओकाडा नावाचा पोरगेला कामगार होता. लांब केस कंपनीच्या टोपीत कोंबायचा आणि सुटी झाली की ते सोडून दोस्तांबरोबर हा असला धिंगाणा करायचा. आत्ता वाजणारी ही रेकॉर्ड त्याच्याच दोस्तांची. कस्तुराने ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिला वाटलं, मशीन बिघडलंय. ज्योतीराम म्हणाला होता, नाही, हे असंच आहे. तिने मग सहा महिने वाट पाहिली, की आज ना उद्या याला कंटाळा येईल.

बुद्ध पौर्णिमेला तर हद्द झाली. जपान म्हणजे बुद्धाचा देश, तिथल्या रेकॉर्डवर वंदनाच असणार, असं कॉलनीतल्या बौद्ध मंडळाच्या धोंडीबांनी परस्पर ठरवून टाकलं, आणि ज्योतीरामला नाही म्हणता आलं नाही. विहाराच्या कर्ण्यातून ढोल सुरू झाला तेव्हा पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका हात जोडून बसल्या होत्या. कोणी हललं नाही. पाच मिनिटं अख्खी कॉलनी डोळे मिटून बसून राहिली. शेवटी धोंडीबाच उठले आणि म्हणाले, “लय अवघड पाली हाय ही. आपल्याला अजून अभ्यास करावा लागंल.” त्यानंतर महिनाभर नळावर बायका कस्तुराला विचारायच्या, नवीन वंदना कधी लावताय?

हे सगळं तिने सोसलं होतं. पण गेले पंधरा दिवस रोज तीच रेकॉर्ड, तीच बाजू, आणि रोज बाळाच्या झोपेच्या वेळेला.

“कान साफ ठेवतोय,” तो म्हणाला होता. सोमवारी कंपनीत नवीन डॉक्टर येणार होते, टेस्टिंगच्या सगळ्यांचे कान तपासायला. नापास होईल तो डिस्पॅचला जाईल, खोकी भरायला.

त्याने काळजी करावी असं त्यात काय आहे, हे तिला कळत नव्हतं. अख्ख्या कंपनीत ज्योतीरामसारखा कान नव्हता. चालत्या गिअरबॉक्सवर तो लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचा, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटून सांगायचा, तिसऱ्या गिअरचा एक दात खरचटलाय. खोलून बघावं तर खरचटलेला असायचाच. त्याला शॉपमध्ये नावाने कोणी हाक मारत नव्हतं. मुकादमापासून कँटीनच्या पोऱ्यापर्यंत सगळे त्याला ‘डॉक्टर’ म्हणत. लग्नात तिच्या वडिलांनी ऐकलं आणि गावभर सांगितलं, जावई डॉक्टर आहे.

आत गिटार थांबली. या बाजूच्या शेवटी सगळा गोंगाट एकदम बंद पडायचा आणि त्या शांततेतून एक बारीक, अगदी बारीक सूर उगवायचा. केसासारखा. तो दोन-तीन मिनिटं टिकून वर वर जायचा आणि मग संपायचा. तेवढ्यावर मात्र कस्तुराचा राग नव्हता. जपानमध्ये ज्योतीराम आणि ओकाडा तो सूर लागला की बोट वर करायचे. ज्याचं आधी, तो जिंकला. आता तोच खेळ तो सुजाताशी खेळायचा. सुजाताने त्याला मुंगीचा आवाज असं नाव दिलं होतं.

“आली मुंगी!” आतून सुजाता ओरडली. आणि मग बापाचा आवाज, “हां, आली, आली.”

सुजाता धावत मागच्या दारी आली. “आई, आजपण मीच जिंकले. मी रोजच जिंकते.”

“जिंकणारच. बाबा हरतात ना मुद्दाम,” कस्तुरा म्हणाली, आणि रडून लाल झालेल्या बाळाला तिने दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्याचं रडणं बाहेरच्या खोलीत काही केल्या पोचत नाही, याची चीड तिला गिळवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खातूनबीच्या फारूकला बोलावलं. स्टेशनाजवळ त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. हा प्लेअरही त्यानेच जोडून दिला होता. तिने त्याला सरळ विचारलं, हे बिघडवता येईल का? फारूक हसायला लागला. बिघडवलं तर दुरुस्तीला माझ्याकडेच येईल, भाभी, आणि डॉक्टरसाहेब माझा हात ओळखतात. मग त्याने मागची फळी खोलून स्पीकर दाखवला. तिने जुन्या उशीतला मूठभर कापूस काढून दिला. फारूकने तो नीट पसरून स्पीकरच्या तोंडावर बसवला, वर कापड लावलं, फळी पुन्हा आवळली.

त्या दुपारी सुजाता खातूनबीकडे शेवया बघायला गेली होती. कडी वाजली, सुई टेकली, आणि गिरणी दोन गल्ल्या पलीकडे गेल्यासारखी वाटली. बाळाने नुसती कूस बदलली. कस्तुरा पाळण्याशी बसल्या जागी हसली.

मग तिच्या लक्षात आलं की शेवट पुन्हा लावला गेलाय. आणि पुन्हा. तिसऱ्यांदा. त्यानंतर कडी लागली.

दोन दिवस प्लेअर उघडला गेला नाही. जी शांतता तिला हवी होती ती घरभर होती, आणि ती जड होती. ज्योतीराम शिफ्टहून यायचा, चहा घ्यायचा, खिडकीतून एमआयडीसीच्या टाकीकडे बघत बसायचा. सुजाताने मुंगीचा खेळ मागितला तर म्हणाला, मुंगी गावाला गेली. शनिवारी त्याने कोरा कागद आणि पेन कस्तुराच्या पुढ्यात ठेवलं. ती सातवी पास होती, अक्षर वळणदार होतं. घरातले सगळे अर्ज तीच लिहायची.

“लिही. टेस्टिंगमधून डिस्पॅचला बदली करावी, ही नम्र विनंती.”

तिने पेनाचं टोपण काढलं नाही.

“लिही गं.”

तिने तेवढी ओळ लिहिली. “आणि कारण?”

“घरगुती लिही.” मग, खिडकीकडे बघत, “ऐकू येत नाही मला, कस्तुरा. परवा बघितलं. सगळंच लांब गेल्यासारखं. आणि तो शेवटचा सूर तर नाहीच. तीनदा लावला. डॉक्टरने सगळ्यांदेखत काढण्यापेक्षा आपण आपलं निघालेलं बरं.”

कस्तुराने पेन खाली ठेवलं. तिचे कान तापले होते. ती उठली, स्वयंपाकघरातली बोथट सुरी घेऊन आली, प्लेअरची पाठ फिरवून स्क्रू काढायला लागली आणि मान वर न करता तिने सगळं सांगितलं. फारूक. उशी. बाळाची झोप. सांगता सांगता तिला स्वतःचाच राग आला आणि तो तिने त्याच्यावर काढला.

“तुम्हाला हाका मारून मारून घसा बसला माझा. करणार काय दुसरं?”

फळी निघाली. कापसाचा पुंजका तिच्या हातात आला. ज्योतीरामने तो घेतला, बोटांनी दाबून बघितला, आणि हसायला लागला. इतकं, की बाळ जागं झालं आणि त्याच्याकडे बघून तेही हसलं.

“माझ्या कानात नाही, त्याच्या तोंडात होता होय,” तो म्हणत राहिला. “बाई, बाई, काय बाई आहेस तू.” त्याने अर्धा लिहिलेला अर्ज उचलून चार तुकडे केले. एक तुकडा बाळाने तोंडात घातला.

“सुजाता, चल. मुंगी आली गावाहून.”

कडी. सुई. ढोल घरात दणाणला, लोखंडी खाट फरफटत आली. ज्योतीरामने कस्तुराकडे बघून मान हलवली: येतंय, सगळं येतंय. भिंतीवर लाटणं आपटलं आणि कस्तुरा आयुष्यात पहिल्यांदा त्या गोंगाटाला वैतागली नाही. बाळाला मांडीवर घेऊन ती उंबऱ्याशी बसली.

शेवट जवळ आला तसा ज्योतीराम सुजाताला म्हणाला, “आज एकमेकांकडे बघून नाही खेळायचं. आज खरं खरं.” तो भिंतीकडे तोंड करून बसला. डोळे मिटले. उजवा हात गुडघ्यावर, बोट तयार.

गिटार थांबली.

बारीक सूर उगवला. कापूस नव्हता, काही नव्हतं. कस्तुराला तो दाताखाली खडा यावा तसा स्वच्छ ऐकू आला. सुजाताचं बोट ताडकन वर गेलं. पण आज खरं खरं होतं, म्हणून ती ओरडली नाही. ओठ घट्ट मिटून बापाच्या पाठीकडे बघत राहिली.

सूर वर चढत गेला. ज्योतीरामच्या गालावर हसू होतं. त्याचं बोट गुडघ्यावर होतं, तसंच, तयार. कस्तुराने बाळाच्या मुठीतून कागदाचा ओला तुकडा सोडवून घेतला आणि आपल्या मुठीत धरला.

सुजाता रांगत तिच्याजवळ आली. बोट अजून वर धरूनच तिने आईच्या कानाला तोंड लावलं.

“आई, मुंगी कधीची आलीय. बाबा अजून कशाची वाट बघतायत?”