भुवईची भाषा

"आजी, तुम्ही बोलू नका. तिला सांगू द्या," बोलणं शिकवणारी बाई म्हणाली.

घ्या! माझ्या नातीबद्दल मीच बोलायचं नाही!

ठकी सहा वर्षांची. तिच्या रक्ताच्या तपासणीत निघालं, की गुणसूत्राचा एक बारीक तुकडा जन्मापासूनच नाही. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. मला एवढंच कळलं, की असं लाखात एखाद्याला होतं. तिला ऐकू येतं, समजतं, पण तोंडातून शब्द जुळून येत नाही. न येईना का! भुवई हलली की पाणी, पाय आपटला की बाहेर, मान वाकडी झाली की पोट दुखतंय. घरात हे मला एकटीला कळायचं. तिच्या जन्मदात्रीलासुद्धा विचारावं लागायचं, "आई, काय म्हणतेय हो ही?" खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागायचं.

आणि आता ही कालची पोरगी बोट ठेवून सांगायची चित्रांची वही घेऊन बसली, तर ठकी तिच्याकडे बघून खुदकन हसली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बाईने पाण्याचा पेला लांब ठेवला. ठकीची भुवई हलली. मी उठले, पेला तिच्या ओठाला लावला.

"आजी, पाच वेळा झालं. माझ्या तपासणीत 'स्वतःहून मागणं' शून्य आलंय. मागायच्या आधीच मिळतं, तर ती मागेल कशाला?"

"मग तहानलेल्या लेकराची मजा बघू?"

"दहा आकडे मोजा, मनात. तुमच्या माघारी ही भुवई कोण ओळखणार?"

मी पेला खाली ठेवला. शेजारी बसलेली सून हळूच म्हणाली, "त्यांना नाही जमायचं."

सुनेने म्हणावं आणि मला जमू नये?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घास कालवला, ठकीपुढे धरला आणि थांबले. भुवई हलली. मी ढिम्म. तिने पाय आपटला. मी दात आवळून मनात आकडे मोजत बसले. आठ म्हणेपर्यंत ठकीने बाईने दिलेली वही ओढली. पानं उलटत तिने बोट ठेवलं. फुलीचं चित्र. नको.

"नको? बरं. मग काय हवं?"

बोट सरकलं. वहीत चिकटवलेल्या तिच्या आईच्या फोटोवर थांबलं.

सून ओट्याशी उभी होती. हात पुसायचं विसरून तशीच धावत आली. "आई, मला... मला बोलावलं हिने?"

"तुलाच. बस खाली."

ताटली मी तिच्याकडे सरकवली. माझ्या बोटांत धरलेला घास तेवढा राहिला. ठकीसाठी कालवलेला, मऊ, बिनतिखटाचा. तो मी खाल्ला.