मारुतीचे डोळे

संतराम मुंबईला चित्रकला शिकला आणि सुट्टीत कळमनुरीजवळच्या मामांच्या गावी येऊन त्यानं सागवानी फळीवर अशोकवन रंगवलं. अशोक त्यानं कधी नीट पाहिला नव्हता, म्हणून पळस काढले. पळसाखाली सीता, तिच्यापुढं हात जोडून मारुती. दोघांनाही नाकडोळे नव्हते. चित्र मुंबईच्या प्रदर्शनात जायचं होतं. असं दुसरं आपल्या हातून होणार नाही, हे संतरामला तेव्हाच वाटलं होतं. या बाबतीत तो चुकला नाही.

"भाचेबुवा, देवाचे डोळे कुठं गेले?" किसनरावमामांनी विचारलं.

"नवी पद्धत आहे, मामा. बघणाऱ्यानं मनानं घालायचे."

"मंग एवढं शिकून काय केलं? बिनडोळ्याचं तर आमी बी काढलं असतं."

सुमनमामी त्या दिवशी जेवल्याच नाहीत. "आंधळे देव घरात, अन् मी घास घेऊ व्हय?"

संतरामनं सीतेला दोन आणि मारुतीला दोन ठिपके दिले. मामी जेवतील, सकाळी ओले ठिपके पुसून टाकू, असा बेत.

सकाळी तो टर्पेंटाइनची चिंधी घेऊन आला, तर मामींनी हळदकुंकू वाहिलेलं, मामांनी मारुतीला शेंदूर लावलेला, आणि चित्र न्यायच्या गाडीचे बैल मामांनी चरायला सोडलेले.

"मामा, चित्र मुंबईला न्यायचंय!"

"चित्र व्हतं तवर न्यायचं व्हतं. आता त्यानं डोळे उघडले. निजामाच्या मुलखातला देव इंग्रजाच्या मुलखात काहून जाईल?"

भांडता आलं असतं. पण मामी आत पोटभर जेवत होत्या. संतरामनं चिंधी खिशात घातली.

पाठवायला दुसरं चित्र नव्हतं. तो हिंगोलीत दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. साबणाच्या पाटीवरच्या बाईचे डोळे तो चांगले टपोरे काढी. गिऱ्हाईक खूश असे.

निजामाचं राज्य गेलं त्या साली तो मामांकडे आला. मामी आता नव्हत्या. मामांनी मात्र एक शनिवार चुकवला नव्हता. मारुतीला लावून सीतेला तसंच कसं ठेवायचं, म्हणून शेंदूर तिलाही, मग झाडांनाही. डोळे केव्हाच बुजले होते. दोन केशरी उंचवटे उरले होते, बिननाकडोळ्यांचे.

"आता कसे खरे देव दिसून राहिले," मामा म्हणाले.

वरच्या कडेला चार बोटं पळस तेवढा शिल्लक होता. तिथवर मामांचा हात पोचत नव्हता.

"तू उंच हाईस. तेवढं लावून टाक," म्हणत त्यांनी वाटी पुढं केली.

संतरामनं वाटी घेतली, बोट बुडवलं आणि पळसाच्या फुलांवरून फिरवलं. फुलांचा तो केशरी त्यानं तेव्हा फार मेहनतीनं जमवला होता. शेंदूर त्यात बरोबर मिसळला.