झिंग्याच्या मुंडक्यांचं टॉनिक

“मॅडम, तुमच्या क्रीममधलं कोलाजन झिंग्याच्या मुंडक्यातून निघते का?”

शेजारच्या बाकावरच्या रुचिकानं पैज लावली होती, म्हणून मी भर वर्गात विचारलं. विज्ञानाच्या रंजीता मॅडम आधी लाल झाल्या, मग हसल्या. “निघतं. काढून दाखव, प्रदर्शनात ठेवू.”

झालं! मी घरी येऊन जाहीरच केलं. आईनं कपाळाला हात लावला. “दहावीनंतर सायन्स घेऊन हेच करशीन? हे जमलं तं मंगरूळपीरले सायन्स, नाही तं इथं कामरगावातच आर्ट्स.”

“मंजूर!”

बाजारात झिंगेवाल्या रुपाबाईनं फेकायची मुंडकी-टरफलं पिशवीभर दिली. “मांजर पाळलं काय वं?” मी ती धुतली, सोड्याच्या पाण्यातून काढली, व्हिनेगरमध्ये भिजवली. फ्रिजचं नाव काढताच आईनं हात जोडले, म्हणून बरणी ओल्या पोत्यात गुंडाळून शेतातल्या मोटरच्या खोलीत ठेवली. थंडीचे दिवस, तिथं गारच असतं. शेवटी गाळून मीठ टाकलं. मिठानं कोलाजन वेगळं होऊन तळाशी बसतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गेले, तर बरणी जवळजवळ रिकामी!

“बाबा, यातलं पाणी?”

“ते टॉनिक व्हय ना? परवाच वांग्यावर मारलं.”

“बाबा! त्यात मीठ होतं, मीठ!”

बाबांनी वांग्यांकडं पाहिलं. पानं कडेनं करपलेली. “तरीच मी म्हणतो, कोणत्या कंपनीचं हाय हे!”

मला रडूच फुटलं. बाबा घाबरले. “सगळं नाही नेलं वं वैष्णवी. खालचा गाळ ठेवला. त्यानं नोझल चोंदते.”

मी बरणीत डोकावले. तळाशी पांढरा, लिबलिबीत थर! वरचं पाणी ओतून हाच तर ठेवायचा होता. मी बाबांना फवारणीच्या पंपासकट मिठी मारली.

घरी तो थर गाळून घेतला, थोड्या पाण्यात कोमट केला. विरघळला. मग वाटी गार पाण्यात ठेवली. गरम केलं की विरघळतं, गार झालं की थिजतं, हीच कोलाजनची खूण. आम्ही तिघं वाटीभोवती बसलो. आई नाकाला पदर लावून, पण सगळ्यात पुढं.

मी वाटी तिरपी केली. सांडलं नाही. नुसतं थरथरलं.

“थिजलं वं, थिजलं!” माझ्याआधी आईच ओरडली.

मी उठून उभी राहिले. “आता दोघंही ऐका. अकरावीले मी सायन्सच घेतो. मंगरूळपीरले, बसनं जाऊन-येऊन!”