जिवावर न बेतणारं काम

त्याने नोकरी सोडायचं ठरवलं.

असं नाही. त्याने नोकरी सोडायचं ठरवलं असं त्याच्या बायकोला वाटलं, आणि तिला तसं वाटलं याचा दोष लिफ्टचा.

जवळपास तीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. जुन्या इमारतींतल्या, जिथे नवे मालक येतात आणि फक्त आरसा बदलतात. या कामाला दोन माणसं लागतात. एक केबिनच्या छपरावर उभा राहून अंधारात दोर आणि रूळ तपासतो. दुसरा, म्हणजे तो, सगळ्यात वर, मशिनरूममध्ये, बटणापाशी. एकमेकांचं तोंड दिसत नाही. छपरावरचा ओरडतो, “खाली घे.” वरचा तेच परत म्हणतो, “खाली घेतो.” मगच बटण. परत म्हटल्याशिवाय बोट हलवायचं नाही, खाली मालक कितीही बोंबलू दे. यात होकार नसतो, नकारही नसतो. ऐकू आलं, एवढंच.

ही सवय कधीतरी डब्याच्या पिशवीबरोबर घरी आली.

त्या बुधवारी तो कामावरून आला आणि गुडघा धरून जिन्यातच बसला. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. यावर करायचे ते सगळे विनोद शेजाऱ्यांचे करून झाले होते. बायकोने वरून पाहिलं. म्हणाली, सोडून द्या आता ती नोकरी.

“सोडून देतो,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भावाला फोन केला. भावाचं ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि त्याला शिकवायला माणूस हवा होता.

मेहुण्याचे प्रश्न. उत्तरं दिलेली नाहीत, कारण मेहुण्याने ती ऐकली नाहीत:

दाजी, कधीपासून येताय? लायसन्स चालू आहे ना? नंबरचा चष्मा बदललाय का? एसी गाडीत बसायचं, शेजारच्याला डावं-उजवं सांगायचं, यात गुडघ्याचा संबंध येतो कुठे? इतकी वर्षं उभं राहून काय मिळालं? ताईच्या तोंडाकडे बघितलंय का अलीकडे? रविवारी एक फेरी मारून बघायला काय जातंय?

भांडण, शेजाऱ्यांना ऐकू गेलं तेवढं:

आपण असं काही म्हटलंच नाही, असं तो म्हणाला. म्हटलंत, माझ्यासमोर म्हटलंत, असं ती म्हणाली. मग त्याने छप्पर, बटण, ओरडणं सगळं समजावून सांगितलं. ती पूर्ण ऐकून घेत होती, ही वाईट खूण होती.

भांडण, ऐकू गेलं नाही तेवढं:

“म्हणजे इतकी वर्षं मी जे जे म्हटलं,” ती हळू म्हणाली, “ते तुम्ही नुसतं ऐकलंत?”

रविवारी तो गेला.

गाडी छोटी, दारावर लाल पट्टा, शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक. शिकायला आलेल्या बाई शिवणक्लास चालवायच्या. वय त्याच्याच आसपास. मुलगा मला कुठे नेत नाही, म्हणून शिकते, असं त्यांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं. गाडी निघाली. पहिल्या वळणावर तो म्हणाला, डावीकडे घ्या. बाईंनी मुकाट्याने डावीकडे घेतली आणि त्याने ब्रेक दाबला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. चुकलं का? नाही, चुकलं नव्हतं. पुढे तो म्हणाला, हळू. बाईंनी हळू केली. त्याने ब्रेक दाबला. सरळ जाऊ द्या. ब्रेक. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला. चौथ्या वेळी त्याच्या लक्षात आलं की बाई काही परत म्हणत नाहीत, म्हणून त्याचा पाय जातोय. त्याने ओशाळून विनंती केली, की मी जे सांगेन ते आधी तोंडाने म्हणा, मग करा.

“अहो, मी गाडी शिकायला आले,” बाई म्हणाल्या, “पाढे पाठ करायला नाही.”

पण म्हटलं त्यांनी. आणि खरं सांगायचं तर मग बरं चाललं. डावीकडे घेते. हळू करते. दोन गल्ल्या, एक चौक, शाळेची भिंत. बाईंना मजा वाटू लागली, त्या सिग्नललाही सांगू लागल्या, थांबते हो. त्याचेही खांदे जरा खाली आले. म्हणजे हे जमण्यासारखं होतं. हे त्याला पुढे स्वतःपासून लपवता आलं नाही, म्हणून इथे नोंदवलं पाहिजे: जमत होतं.

मग उभ्या ट्रकच्या मागून पाण्याचा जार खांद्यावर घेतलेला एक माणूस रस्त्यावर आला.

त्याने ब्रेक दाबला. वेळेवर, पुरता. गाडी थांबली, जारवाला गाडीसमोरून तसाच पुढे गेला, त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. काहीच झालं नाही. बाई छातीवर हात ठेवून हसल्या, वाचला मेला, म्हणाल्या. निघू या?

निघू या, तो म्हणाला. पाय ब्रेकवरच होता.

बाईंनी गाडी बंद केली. पर्समधून बाटली काढून त्याच्यापुढे धरली. तो पाणी प्यायला, पाय तिथेच. मग बाईंनी उगाच शिवणक्लासच्या गोष्टी सुरू केल्या, कोणाला काज जमत नाही, कोण कात्री घरी नेतं. बऱ्याच वेळाने पाय आपला आपण उचलला गेला.

संध्याकाळी बायको इस्त्री करत होती. तो शेजारच्या स्टुलावर बसून बाह्या सरळ करून देत होता. भावाचा फोन येऊन गेलाय, असं ती म्हणाली. बाई खूश आहेत म्हणे. ठरवताय ना?

“गुडघा नाही दुखत माझा,” तो म्हणाला. “म्हणजे दुखतो. पण ते नाही.”

तिने इस्त्री उभी केली.

“कुणीतरी माझ्या बोटावर उभा असतो. रोज. इतक्या वर्षांत काहीच झालं नाही, आणि त्यानेच मी दमलोय. गाडीतही तेच आहे. बोटाऐवजी पाय. मला असं काम दे, ज्यात माझ्या हातून कुणी मरणार नाही.”

हे आधी का नाही सांगितलंत, असं तिने विचारलं नाही. तिने भावाला फोन लावला आणि जसं ऐकलं तसं सांगितलं. मेहुण्याने पहिल्यांदाच सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, स्पीकरवर टाक ताई.

“दाजी, काउंटरवर बसा. पावत्या फाडताना कुणी मेल्याचं माझ्या कानावर नाही. पगार मात्र आताच्या निम्माही नाही, आधीच सांगतो.”

तो बायकोकडे बघत होता. बायको हिशेब करत होती, ते तिच्या ओठांवर दिसत होतं. हिशेब जमला नाही, तेही दिसलं.

“जमवू,” ती म्हणाली, आणि पुढचा शर्ट घेतला.

राहिला रेडिओ. रेडिओ म्हणजे त्याचा छपरावरचा जोडीदार, त्याच्याहून दहाएक वर्षांनी लहान. आवाज इतका स्वच्छ, की तळमजल्यावरून बोललेलं आठव्या मजल्यावर शब्दन् शब्द पोचतं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दोघे मशिनरूमच्या पायऱ्यांवर डबे उघडून बसले, तेव्हा त्याने सांगितलं. महिनाअखेरपर्यंतच आहे, म्हणाला.

रेडिओ चावत राहिला. आपल्या जागी कोण येणार, ते त्याने रेडिओला सांगितलं. माणूस चांगला आहे, म्हणाला. रेडिओने मान हलवली, त्या माणसाचा आवाज पातळ आहे, एवढंच म्हणाला. मग काउंटरवर नक्की काय करायचं असतं ते रेडिओने विचारलं, आणि तो सांगत गेला: फॉर्म भरून घ्यायचे, फोटो चिकटवायचे, पावती द्यायची, फोन उचलायचा.

रेडिओने डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

“दादा, तिथे अजून एक खुर्ची आहे का?”

त्याने आजवर रेडिओला असं कधी विचारलं नव्हतं, की तू दमतोस का.

“नाही रे,” तो म्हणाला. “एकच आहे.”

रेडिओ बरं म्हणाला. हात धुवायला जायला हवं होतं. खाली मालकाने लिफ्टच्या दारावर थाप मारून, अजून किती वेळ, असं विचारलं. आठव्या मजल्याच्या जिन्यात दोघे शेजारी शेजारी बसले होते, आणि आधी कोणी उठायचं ते ठरत नव्हतं.