चौतीस दिवसांचे गव्हर्नर

आमच्या सामोआत अमेरिकी नौदलाचे गव्हर्नर पुष्कळ आले नि गेले. ग्रीव्ह साहेब चौतीसच दिवस टिकले, पण नाव घ्यावं तर त्यांचंच. बावीस वर्षं समुद्रावर काढूनही त्यांना स्वतःचं जहाज मिळालं नव्हतं. आधीचे गव्हर्नर आजारी पडून मायदेशी गेले, म्हणून ही खुर्ची मिळाली, तीही नवे येईपर्यंत.

त्याच आठवड्यात नौदलाच्या लाँचने माझ्या बाबांची होडी चिरडली. बाबांचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. कचेरीने खेदाचं छापील पत्र धाडलं, ते आईने चुलीत घातलं. माझा भाऊ पेनी कोयत्याला धार लावत बसला. तो लाँचवाल्याला कापणार आणि मग स्वतः फासावर जाणार, ही मला धास्ती.

एका पहाटे झावळ्यांचा पडदा वर केला, तर अंगणात गव्हर्नर! पांढरा गणवेश, मांडी घातलेली आणि डोक्यावरून तलम चटई. चटई त्यांच्या कारकुनाच्या घरची. तो फुइमाओनो आमच्याच बेटावरचा, मागे बसला होता. आमच्याकडे अपराध्याने असंच येऊन बसायचं. घरच्यांनी चटई उचलली तर माफी, नाहीतर मान त्यांच्या हातात. पण गव्हर्नर असा बसलेला कुणी पाहिला नव्हता.

ऊन चढलं. आई जागची हलेना. साहेबांच्या पायांना रग लागली आणि शेवटी त्यांनी दोन्ही पाय लांब केले, तळवे थेट आमच्या घराकडे. उघडे पाय असे पसरणं म्हणजे आमच्यात घरच्यांचा अपमान.

"बघ आई!" पेनी कोयता घेऊन उठला. "बाबांचा एक पाय खाल्ला, आता स्वतःचे दोन दाखवतोय!"

"साहेब, पाय! पाय झाका आधी!" फुइमाओनो मागून ओरडला.

साहेबांनी घाईघाईने चटई ओढून पायांवर घेतली. माणूस ताडमाड, चटई आखूड. पाय झाकले गेले आणि डोकं, मान उघडी पडली, नेमकी पेनीच्या समोर. साहेबांना ते कळलं. त्यांनी डोळे मिटले, पण चटई काही वर ओढली नाही.

आईला हसू फुटलं. रडता रडता हसत होती. "अगं बाई, पाय झाकायला मुंडकं पुढे केलं की याने! पेनी, ठेव तो कोयता." तिने जाऊन चटई उचलली. "ऊठ रे बाबा. आत चल, कोको घे."

आतून बाबा ओरडले, "आणि म्हणावं, खुशाल पाय पसर! मी तरी एकच पसरणार!"

गणवेशाची अब्रू घालवली म्हणून नौदलाने साहेबांना परत बोलावलं. बढती कायमची गेली. निघायच्या दिवशी लाँच धक्क्याला तशीच राहिली. साहेबांना जहाजापर्यंत आमच्या चाळीस वल्ह्यांच्या होडीने नेलं. पहिलं वल्हं पेनीचं, सुकाणूवर बाबा.

"सुकाणूला पाय कशाला लागतो?" ते गरजले, आणि सगळा किनारा ओरडून उठला.

जहाजाच्या कठड्याला सगळे अधिकारी रांगेने उभे होते. होडीत शेजारी बसलेल्या आईने तीच चटई काढून साहेबांच्या गुडघ्यांवर टाकली.

"आता पसर," ती म्हणाली.

आणि त्या सगळ्यांच्या देखत साहेबांनी ऐटीत दोन्ही पाय लांब केले.