पहिल्या धारेत राहिलेला तारामासा

मी बरणीतला तारामासा बोलतोय. नावात मासा असला तरी माशांनी मला कधी आपलं म्हटलं नाही. मग मी कुणाचा? या एका प्रश्नावर दोन माणसं जन्मभर भांडली, आणि ती दोघंही मला फार प्रिय होती.

एड्रियाटिक समुद्राच्या तळाशी माझं बरं चाललं होतं. एके हिवाळ्यात जाळ्यात सापडलो आणि बेटावरच्या संशोधन केंद्रात नेवेंकाच्या टेबलावर येऊन पडलो. ती तेव्हा तरुण होती. मला उलटंपालटं करून ती ओरडलीच, "फ्राने, हा वेगळा आहे! आपल्या लाल तारामाशाचा सख्खा भाऊ, पण जात नवी!"

शेजारच्या टेबलावरून फ्रानेने नुसती मान वळवली. "लाल ताराच आहे तो. उपाशी राहून आखडलाय. तूही जेवली नाहीस की अशीच दिसतेस."

"डोळे तपासून घे आधी!"

भांडण रंगलं, पण मला ठेवायचं कशात? केंद्रातलं नमुने टिकवायचं फॉर्मॅलिन संपलं होतं आणि 'बुरा' नावाचा तिथला झोंबरा थंड वारा सुटल्यामुळे बोट बंद होती. मी तर वास मारायला लागलो होतो. तेव्हा फ्राने घरी गेला आणि एक बाटली घेऊन आला. बापाने मुलाच्या लग्नासाठी राखलेली, द्राक्षांची, पहिल्या धारेची दारू.

नेवेंका बघतच राहिली. "अरे, ही तर लग्नाची ना?"

"लग्न होण्यासाठी समोरच्या माणसाने या नमुन्यांच्या कपाटातून डोकं बाहेर काढायला हवं," फ्राने म्हणाला.

"ओत लवकर! सडतोय तो!"

त्याने ओतली. काचेआडून मला त्याचा चेहरा दिसत होता, तिला दिसला नाही. मला तोंड असून काय उपयोग? ते पोटाखाली.

पुढे फॉर्मॅलिन आलं, पण फ्रानेने मला त्यात घालू दिलं नाही. दर शरद ऋतूत गावात भट्टी लागली की तो नव्या दारूची पहिली धार आणून माझी बरणी काठोकाठ भरायचा. "लाल ताराच आहेस लेका," असंही प्रत्येक वेळी म्हणायचा. दोघं खारवलेले मासे आणि पाव खात माझ्यावरून भांडायची. लग्न दोघांनीही केलं नाही. किती सुखाचे दिवस होते ते!

मग एका वर्षी भट्ट्या लागल्या, पण फ्राने आला नाही. नेवेंका काळ्या कपड्यांत आली आणि बरणीपाशी नुसती बसून राहिली. दारू उडत गेली, माझ्या एका बाहूचं टोक कोरडं पडलं.

यंदा तिची विद्यार्थिनी तिहाना आली. तिने कपाटातल्या सगळ्या ताऱ्यांचे नळीसारखे बारीक पाय चिमट्याने काढून नेले. जनुकांवरून कोण कुणाचा नातलग ते म्हणे आता कळतं. नेवेंका आता थकली आहे. तिहानाला रोज फोन करायची, "लागला का निकाल? मी आहे तोवर लाव गं बाई."

एके सकाळी नेवेंका माझ्यापाशी बसली असताना तिहाना धावत आली. "बाई, हा लाल तारा नाही! जात नवीच आहे. पण लाल ताऱ्याचा भाऊही नाही. दगडाखालच्या त्या चपट्या पंचकोनी ताऱ्यांच्या कुळातला आहे."

नेवेंका खळखळून हसली. "म्हणजे आम्ही दोघंही चुकलो! हे ऐकायला तो मेला हवा होता."

"आणि बाई, फॉर्मॅलिनमधल्या सगळ्यांच्या जनुकांचे तुकडे तुकडे झालेत. काही वाचता येत नाही. एकट्या याचीच शाबूत आहेत. याला दारूत कुणी ठेवलं?"

नेवेंकाचं हसू थांबलं. तिने माझ्या बरणीवर हात ठेवला. "लग्नाची होती ती," ती हळूच म्हणाली.

नव्या जातीला नाव द्यायचा मान तिचा होता. तिने फ्रानेचं नाव दिलं. "जन्मभर नवी जात नाही म्हणाला ना? आता याच्या नावात राहू दे."

काल ती काठी टेकत भट्टीवर गेली होती. परत येऊन तिने माझी बरणी भरली. कोरडं टोक भिजलं. माझं एकच मागणं आहे: तिच्या मागे कुणीतरी ही बरणी भरत राहावं. बाटलीत घोटभर उरली होती. ती तिने पेल्यात ओतली, माझ्या काचेला पेला टेकवला आणि म्हणाली, "काढलं रे डोकं बाहेर."