मावशींच्या हातचं धुणं

"कॉलर बघा साहेब, हात लावून बघा," शेठ मान पुढे करत म्हणाला. "ह्याच मावशीच्या हातचं धुणं, ह्याच विहिरीवरचं. पाणी खारट असतं तर शर्ट असा निघाला असता?"

भातवाल्यांच्या तक्रारीवरून चौकशीला आलेल्या साहेबांनी खरंच दोन बोटांत कॉलर धरली. विहिरीत मात्र ते वाकूनही बघेनात. हातात विकतच्या पाण्याची बाटली होती, मग कशाला बघतील?

दोन वर्षांपूर्वी शेठने धोबीणमावशींच्या विहिरीला लागून कोळंबीची तळी खणली, त्यांत खाडीचं पाणी भरलं. आधी शेजारची भाताची शेतं करपली, मग विहिरीचं पाणी खारट झालं. साबण फेस धरेना, सुकलेल्या कपड्यावर पांढरी कड उमटू लागली. दुसरी कुणी असती तर बोंब ठोकली असती. मावशी शेठच्याच टँकरचं गोडं पाणी विकत घेऊन प्रत्येक कपडा शेवटी त्यात खळबळून काढत राहिल्या. तीस वर्षांचं नाव होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आज तीच मूठ त्यांच्या तोंडावर बसली.

"शेवटचं पाणी मी टँकरचं घेते," त्या म्हणाल्या.

"आणि दोन वर्षांत एकदाही तक्रार नाही?" साहेबांनी विचारलं.

आपल्या धुण्याला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून गप्प बसले, हे कचेरीतल्या माणसाला सांगायचं कसं? शेठच्या मागे मावशींचा मुलगा उभा होता, तळ्यांवरचा राखणदार. तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

सोमवारी शेवटची सुनावणी आहे, पुरावा असेल तर आणा, असं सांगून साहेब गाडीत बसले. जाता जाता शेठने काळी पँट पायरीवर टाकली.

"नीट धू हं मावशी, कचेरीत घालायचीय."

मेल्याच्या जिभेला हाड नाही, मावशी पुटपुटल्या.

पँट त्यांनी नेहमीसारखीच धुतली, फक्त टँकरच्या पाण्याच्या पिंपाला हात लावला नाही. दोनदा पिंपापर्यंत जाऊन परत आल्या. उन्हात कापड कडक झालं, शिवणींवर मीठ फुललं. असा कपडा त्यांच्या दारातून कधी बाहेर गेला नव्हता. त्यांना ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं.

रविवारी मुलगा शेठची पँट न्यायला आला. त्याने शिवणीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"ही मी नेणार कचेरीत," मावशी म्हणाल्या. "तुझी नोकरी जाईल."

त्याने पँटची घडी घालून ती त्यांच्या हातात दिली. मग म्हणाला, "किती वाजता निघायचं?"

सोमवारी कचेरी भरलेली होती. निम्मी माणसं मावशींची गिऱ्हाइकं. मुलगा दाराशीच थांबला, शेठच्या बाजूला गेला नाही. मावशींनी पँट साहेबांच्या टेबलावर पसरली. मागे कुजबुज सुरू झाली.

शेठ हसला. "हे काय मावशी, हात बिघडला वाटतं."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "विहिरीच्या पाण्यात धुतलं की असं निघतं," त्या साहेबांना म्हणाल्या. "त्या दिवशी शर्टावर विश्वास ठेवलात, आज ह्याच्यावर ठेवा."

साहेब पांढऱ्या कडेवर बोट फिरवू लागले. कपडा पसरला की सुरकुती काढायला मावशींचा हात आपोआप पुढे जायचा. आजही तो निघाला होता. त्यांनी तो दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.